अर्बाबची दुर्बीण

रायफलीवर लावलेली दुर्बीण पडून किंवा आपटून मोडते तितकीच ती त्या रायफलीच्या स्वतःच्या धक्क्याने मोडते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं. बंदूक म्हणजे माझ्या लेखी जत्रेतली फुगे फोडायची छर्‍याची बंदूक, नाहीतर आजोळी सिंधुदुर्गात शेजार्‍यांच्या माजघरात खुंटीला टांगलेली ठासणीची. ती वर्षातून एकदा, भात पिकायला आलं की रानडुकरांसाठी खाली उतरायची. बाकी आमच्या घरात माळकरी आजीपासून सगळे असे की घरात आलेलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचं.

फुजैराला आलो तो पोस्टडॉकसाठी. माझा विषय लोकांना सांगायला जरा अवघडच जातो: सततच्या कंपनांनी नट-बोल्ट सैल कसे होतात, आणि होऊ नयेत म्हणून काय करावं. फुजैरा ही अमिरातीतली एकमेव अमिरात जिचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. बंदरालगत तेलाच्या टाक्यांची रांग, पाइपलाइनी, पंप; म्हणजे सैल होऊ शकणार्‍या बोल्टांना तोटा नाही. पाठीमागे हजरचे उघडेबोडके डोंगर. आमचे घरमालक त्या डोंगरातल्या एका वाडीतले. साठी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त. इथले सगळे भारतीय मालकाला म्हणतात तसं आम्हीही त्यांना अर्बाब म्हणतो. आखातातल्या त्यांच्या पिढीच्या अनेकांसारखं त्यांना आपल्या व्यापार्‍यांकडून शिकलेलं हिंदी येतं. एका संध्याकाळी मजलिसमध्ये गहव्याचा दुसरा पेला पुढे करत त्यांनी विचारलं, "मुहंदिस, तुम स्क्रू का डॉक्टर है ना?"

माझ्या पीएचडीचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

अर्बाब शिकारी आहेत. इथे नाही; इथल्या डोंगरात शिकारीला बंदी आहे. वादी वुरय्याह तर २००९ पासून संरक्षित क्षेत्र आहे, आणि या डोंगररांगेत उरलेला अरबी तहर हा मोजक्यांतला मोजका प्राणी. ते जातात आफ्रिकेत, रीतसर परवाने काढून, दोन-तीन वर्षांतून एकदा. त्यांची रायफल .३७५ एच अँड एच मॅग्नम. हे काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली आणलं आणि आजही आफ्रिकेतल्या बर्‍याच देशांत मोठ्या, धोकादायक जनावरासाठी यापेक्षा लहान चालत नाही. मागच्या खेपेला एका हरणावर झाडलेली गोळी जिथे लागायला हवी होती त्याच्या वीतभर मागे लागली. माग काढणारे अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले. जनावर सापडलं नाही. तिकडच्या रिवाजाप्रमाणे जखमी जनावराचेही पूर्ण पैसे भरावे लागतात, ते त्यांनी भरले. "पैसा गया, ठीक है," ते म्हणाले, "लेकिन वो रात भर किधर था?"

यंदा त्यांना रानरेड्याच्या मागे जायचं होतं. जुन्या दुर्बिणीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. दुकानदार सांगत होता, सगळ्यात महाग ती घ्या.

घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकून हे?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिकार मला आवडत नाही, आजही नाही. पण मी नाही म्हटलं असतं म्हणून ते जायचे थांबणार नव्हते, आणि वाईट दुर्बीण जनावराला वाचवत नाही. ती त्याला फक्त वाईट तर्‍हेने मारते. जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेली चंपावतची वाघीण सगळ्यांना ठाऊक असते, तिच्या नावावरचा ४३६ बळींचा आकडाही. तिच्या तोंडात काय सापडलं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. उजवीकडचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले, खालचा तर पार हाडापर्यंत, आणि कारण बंदुकीची जुनी जखम. कॉर्बेटच्या मते ती नेहमीची शिकार सोडून माणसाकडे वळली ती त्यामुळेच. कुणीतरी कधीतरी एक गोळी अर्धवट मारली होती. तेव्हा मी जुनी दुर्बीण रायफलीसकट बघायला मागितली.

आधी धक्क्याचा हिशेब केला. .३७५ ची गोळी असते साधारण १९.४ ग्रॅमची, आणि ती नळीतून सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. मागोमाग जळलेल्या दारूचा वायू, तो तर आणखी वेगात. न्यूटनचा तिसरा नियम लावला की सव्वाचार किलोची रायफल सेकंदाला पावणेपाच मीटर वेगाने खांद्याकडे येते. वेग ऐकायला फार नाही. सायकल मारणारा माणूस साधारण तेवढाच जातो. पण तो शून्यापासून दोन-अडीच सहस्रांश सेकंदात येतो. म्हणजे दुर्बिणीवर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटीच्या आसपास त्वरण, आणि क्षणिक उंची त्याहून बरीच जास्त. नेहमीच्या .३०८ शी तुलना केली तर या रायफलीच्या धक्क्यात जवळपास अडीचपट ऊर्जा असते.

आता अर्ध्या किलोची दुर्बीण घ्या. त्या क्षणी ती धरून ठेवणार्‍या कड्यांच्या दृष्टीने ती शंभर किलोचं पोतं असते. रायफल मागे निघालेली, पोतं जागच्या जागी राहू पाहतंय. एक किलोची दुर्बीण घेतली की दोन पोती. इथेच दुकानदाराचा सल्ला उलटा पडतो. जड, जाडजूड, पुढे ताटलीएवढी काच असलेली दुर्बीण हातात घेतली की मजबूत वाटते, आणि लांबच्या निशाण्यासाठी ती उत्तम असेलही. पण जोरदार धक्का देणार्‍या रायफलीवर तिचं वजनच तिचा वैरी. पुढची मोठी काच जितकी जड आणि जितकी पुढे, तितका कड्यांवर ताण अधिक. हे अर्बाबना पटवायला मला पोत्याचाच दाखला द्यावा लागला. डोंगरातल्या माणसाला वजन कुठे बांधावं हे शिकवावं लागत नाही. गाढवावर ओझं लादलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, लगेच मान डोलावली.

जुनी दुर्बीण त्यांच्या घरच्या टेबलावर शिकंज्यात धरली. दुर्बिणीच्या नळीत आणखी एक लहान नळी असते. तीत उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं बसवलेली असतात, आणि बर्‍याच दुर्बिणींत नेमाची फुलीही तिच्याचवर असते. ही आतली नळी मागच्या टोकाला टेकलेली. वरची आणि बाजूची घुंडी फिरवली की ती किंचित ढकलली जाते, आणि समोरून एक छोटी स्प्रिंग तिला घुंड्यांवर दाबून धरते. सगळा नेम त्या स्प्रिंगच्या भरवशावर. समोरच्या भिंतीवर चौकटीचा कागद लावला, फुली एका रेघेवर आणली, आणि दुर्बिणीच्या अंगावर रबरी हातोडीने हलकेच टकटक केलं. फुली सरकली. पुन्हा टकटक, पुन्हा तिसरीकडे. मग घुंडी वीस घर पुढे नेऊन वीस घर मागे आणली. फुली मूळ जागी आली नाही, हातोडीचा एक टोला बसल्यावर आली. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, एकही गोळी न झाडता. मात्र आधी रायफल रिकामी आहे हे दोघांनी पाहायचं. अर्बाबनी ते मला न विचारता तीनदा पाहिलं.

स्प्रिंग थकली होती हे उघड होतं. पण माझा जीव खरा अडकला तो खालच्या बाजूला. रायफलीच्या पाठीवर एक पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली, तिच्यावर दोन कडी, कड्यांत दुर्बीण. चारांपैकी दोन स्क्रू बोटाच्या जोरावर फिरले. आट्यांमध्ये तेल होतं, दुकानातून बसवताना पुसलंच नव्हतं कुणी. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीच्या खालच्या अंगाला चकचकीत डाग आणि काजळीसारखी काळी भुकटी. ही भुकटी मी रोज प्रयोगशाळेत बघतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर केसाएवढे, पण पुन्हापुन्हा घासले की ती पडते.

१९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्ट सैल होण्याचं मोठं कारण त्याला ओढणारा जोर नव्हे. त्याच्या अक्षाला आडवी होणारी घसर हे आहे. जोडलेले दोन तुकडे एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं आणि बोल्ट आपसूक उलटा फिरतो. त्याच्या नावाचं परीक्षायंत्र आजही माझ्या क्षेत्रात सगळीकडे वापरलं जातं. रायफल बघा: स्क्रू उभे, धक्का आडवा. शिकारीच्या बंदुकीने प्रत्येक गोळीला युंकरचाच प्रयोग केल्यासारखं आहे. त्यामुळे धक्का स्क्रूने झेलायचाच नसतो. तो झेलायचा पट्टी आणि रायफल यांच्यामधल्या घर्षणाने, आणि त्याहून चांगलं म्हणजे पोलादात कोरलेल्या खाचेने. चेक बनावटीच्या सीझेड ५५० सारख्या रायफलींत दुर्बिणीची बैठक मूळ पोलादातच कापलेली असते, वेगळी पट्टीच नाही. मला विचाराल तर निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

आणि ही हालचाल किती लागते? दोन कड्यांमधलं अंतर १०० मिलिमीटर धरा. एक कडं दुसर्‍याच्या तुलनेत ०.०७ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढं, बाजूला सरकलं तर १०० मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर चुकते. वीतभर चुकायला अडीच-तीन केस पुरतात. ते हरीण कुठे चुकलं हे अर्बाबना त्या संध्याकाळी कळलं असावं, कारण ते बराच वेळ त्या काळ्या भुकटीवरून बोट फिरवत बसले.

याच मजलिसच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांची मार्टिनी-हेन्री टांगलेली आहे. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली ही बंदूक पुढे मस्कतच्या बाजारातून या सगळ्या किनार्‍यावर पसरली. अजून लग्नांत हौसेने मिरवतात. तिचाही धक्का बदनाम. पण तिच्यावर फक्त माशी आणि खाच, मोडायला काही नाहीच. अर्बाब म्हणाले, बाप याच्यावर मारायचा, कधी तक्रार नाही. खरं आहे. पण त्यांच्या वडिलांचे डोळे तिशीतले होते आणि अर्बाबना आता चाळिशीचा चष्मा आहे. माशी, खाच आणि जनावर, तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं या वयात होत नाही. दुर्बीण हवी ती मोठं दिसण्यासाठी कमी, आणि फुली व जनावर एकाच प्रतलात दिसावं म्हणून जास्त. कोल्हापूरकर वाचक इथे स्वप्नील कुसाळेचं नाव घेतील. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणार्‍या या गड्याच्या बंदुकीला मोठी करून दाखवणारी दुर्बीण नसते, नियमातच बसत नाही. पण ती .२२ ची, धक्का जवळजवळ नाही, आणि समोर काळं वर्तुळ न हलता उभं असतं.

अबू धाबीला २००३ पासून शिकार आणि घोडेस्वारीचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे अर्बाब मला बरोबर घेऊन गेले. एका दालनात डोळ्यांवर टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसलेले, दुसर्‍यात उंटांचा लिलाव, आणि मधल्या गल्लीत भिंगांचं साम्राज्य. स्वारोव्स्की म्हणजे आपल्या बायकांच्या कानातले खडे असं मी समजत होतो; त्याच घराण्याने १९४९ पासून दुर्बिणींची वेगळी कंपनी चालवली आहे हे तिथे समजलं. अर्बाबच्या मुलीने लगेच विचारलं, मग दुर्बिणीबरोबर हार मिळतो का.

विक्रेत्याने पहिल्यांदा काढली ती पंचवीसपट मोठं दाखवणारी, किलोभर वजनाची. मी ती बाजूला ठेवली. रानरेडा बहुधा शंभर मीटरच्या आत, झुडपात असतो. तिथे पंचवीसपट म्हणजे नुसती काळी कातडी दिसणार. आम्ही शोधत होतो ती कमी ताकदीची, एकपट ते पाच-सहापट, पुढे न फुगणारी सरळ तीस मिलिमीटरची नळी, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. घुंड्यांवर झाकण. अंतराप्रमाणे जुळवायची जादा घुंडी नको. कमी हलणारे भाग, कमी बिघाड. शिवाय डोळा काचेपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर ठेवून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. हे अंतर कमी असेल तर धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर येते. अर्बाबच्या उजव्या भुवईत अर्धचंद्राचा जुना व्रण आहे. मी इतके दिवस तो लहानपणीचा समजत होतो.

एका बाबतीत ते हटले नाहीत: फुलीच्या मध्यावर लाल ठिपका पेटणारी दुर्बीणच हवी. मला बॅटरी म्हणजे आणखी एक बिघडणारी गोष्ट. त्यांचं म्हणणं, पहाटेच्या अंधारात काळ्या जनावरावर काळी फुली दिसत नाही. तिथे उभं राहिलेले ते, मी नव्हे. अट एवढीच घातली की फुली काचेवर कोरलेली असावी, बॅटरी संपली तरी दिसणारी.

धुक्याचं मी विचारलं, कारण इथे उन्हाळ्यात एसी गाडीतून उतरलं की माझ्या चष्म्यावर लगेच बाष्प साचतं. बाहेरचं बाष्प पुसता येतं. आत धरलं तर संपलं. म्हणून चांगल्या दुर्बिणीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात. त्यातलं काय खरं, काय जाहिरात, हे दुकानात कळत नाही. आम्ही निवडलेली दुर्बीण फ्रीजमध्ये दोन तास ठेवून बाहेर बाल्कनीत काढली. आत बाष्प नाही. फ्रीजमध्ये खजुराच्या डब्याशेजारी पंधराशे डॉलरची दुर्बीण बघून त्यांच्या घरातल्या बाईसाहेबांनी काय म्हटलं ते मला अरबीत कळलं नाही. दुर्बिणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं बदलतात, आणि त्याच कंपनीची दुसरी दुर्बीण या कामाला निरुपयोगी असू शकते.

बसवण्याचं काम दोघांनी एका शुक्रवारी दुपारी केलं. आटे आणि पट्टीची बैठक स्पिरिटने कोरडी पुसली. जुनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टाकून पोलादी आणली. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. चाळीस अंशांच्या फरकाला शंभर मिलिमीटरमागे ०.०४ मिलिमीटरचा ताण साठतो, आणि फुजैरातली एसी खोली आणि दुपारचं पटांगण यांत चाळीस नसले तरी वीस-पंचवीस अंश सहज असतात. पट्टीच्या आडव्या खाचांत कडी पुढच्या बाजूला रेटून मगच आवळली. पुढेच का? रायफल मागे जाते म्हणजे दुर्बीण तिच्या मानाने पुढे जाऊ पाहते. जिकडे जाणार तिकडे आधीच भिंतीला टेकवून ठेवायची. कड्यांचे स्क्रू टॉर्क रेंचने दोन न्यूटन-मीटरच्या जवळ, आळीपाळीने थोडे थोडे. जास्त आवळून नळी चेपणारे सैल सोडणार्‍यांपेक्षा कमी नसतात. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून शेजारच्या धातूवर पांढर्‍या रंगाची एक बारीक रेघ. स्क्रू हलला की रेघ तुटते. आमच्या प्रयोगशाळेतली ही सगळ्यात स्वस्त युक्ती, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली.

परवान्याच्या रेंजवर वीस गोळ्या झाडल्या, दोन दिवसांत वाटून, कारण साठीच्या खांद्याचीही एक मर्यादा असते. दर पाच गोळ्यांनी रेघा पाहिल्या. शेवटच्या पाच पहिल्या पाचांच्याच जागी, १०० मीटरवर चहाच्या बशीत मावतील अशा. अर्बाबचा मुलगा त्याच्या स्प्रिंगच्या एअरगनवरही जुनी दुर्बीण लावू का म्हणून विचारत होता; त्याला नको म्हटलं. त्या बंदुकीचा दट्ट्या आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन उलटसुलट हिसके देतो. पुष्कळ दुर्बिणींची भिंगं एकाच दिशेचा धक्का खायला बसवलेली असतात. .३७५ वर टिकलेली दुर्बीण एअरगनवर फुटल्याची उदाहरणं शिकार्‍यांत सांगितली जातात, आणि हिशेब पाहता मला त्यात नवल वाटत नाही.

जाताना त्यांच्या पिशवीत मी स्क्रूच्या मापाचं टोक, पांढर्‍या रंगाची बाटली आणि सुती फडकं ठेवलं. तिकडून पाचव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. पहिल्या दिवशी रेडा दिसला होता, दीडशे मीटरवर, आडव्या फांद्यांमागे. झाडली नाही. तिसर्‍या दिवशी साठ मीटरवरून एक गोळी, आणि तो पंधरावीस पावलांत पडला. "बिस्मिल्ला एक बार बोला," ते म्हणाले, "दूसरा बार जरूरत नहीं पड़ा।" आईला मी एवढंच सांगितलं की जनावर रात्रभर कुठे होतं हा प्रश्न या वेळी आला नाही. ती काही बोलली नाही; मग तिने पावसाचं विचारलं.

परत आल्यावर रायफल पुन्हा टेबलावर घेतली. पट्टीचे चारही स्क्रू जागेवर, रेघा शाबूत. मागच्या कड्याच्या एका स्क्रूची रेघ मात्र केसभर तुटली होती. तो काढला, पुसला, आट्यांत थोडं लॉकटाइट घालून पुन्हा बसवला.